संत ऑगस्टीनच्या चोरीचा बोभाटा

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये तृप्तीचा अभ्यास सासूच्या जिवावर चालला होता. सोमवारी तिची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, म्हणून सुशीलाबाईंनी सगळा स्वयंपाक आपल्याकडे घेतला होता. विषय होता संत ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती तत्त्वज्ञाचा आजवर टिकलेला प्रभाव.

या ऑगस्टीनने पोरपणी शेजाऱ्याची फळं चोरली होती. ती हकीकत पाठ व्हावी म्हणून तृप्तीने, जणू तोच बोलतोय अशी, आपल्या आवाजात फोनवर रेकॉर्ड केली होती. दुपारी कूलरच्या घरघरीत तिने ती लावली, तर आवाजच येईना. तिने तो वाढवला. मग पूर्ण वाढवला.

फोन ब्लूटूथने अजून जोडलेला होता शेजारच्या पुष्पाबाईंच्या अंगणातल्या स्पीकरला. नातवाच्या बारशासाठी आणलेल्या त्या स्पीकरवर सकाळी तृप्तीनेच पाळणे लावून दिले होते. आता सगळी कॉलनी ऐकत होती, "शेजाऱ्याची फळं मीच चोरली. घरी खायला होतं. गंमत वाटली म्हणून चोरली."

समोरचे तेजराम तडक दारात आले. त्यांच्या झाडाच्या कैऱ्या रोज गायब होत होत्या. मागोमाग चार बायकाही आल्या.

"तृप्ती, शिकली-सवरली तू. माह्या कैऱ्या काहून तोडल्या?"

तृप्तीला काही उमगेना. तेवढ्यात सुशीलाबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "तिनं नाही, म्या तोडल्या. तिले बोलू नका भाऊजी, तिची परीक्षा आहे."

मागे उभ्या पुष्पाबाईंना ते बघवेना. "सुशीलाबाई कायले तोडतीन? म्याच तोडल्या. लोणचं घरी होतं, पण फांदी हाताशी आली."

तेजराम खाली बघत पुष्पाबाईंना म्हणाले, "मंग मीबी सांगून टाकतो. तुमच्या अंगणातला मोगरा रोज मीच नेतो."

एव्हाना तृप्तीच्या ध्यानात सारा घोळ आला. ही चोरी ऑगस्टीनची, सोळाशे वर्षांपूर्वीची, असं तिने सांगितलं.

"कबूल केलं ना त्यानं? चांगलं केलं," म्हणत तेजराम निघाले.

सगळे गेल्यावर तृप्तीने सासूचा पिठाचा हात धरला.

"आई, माह्यासाठी खोटं बोलल्या तुम्ही."

"मंग? तुह्या त्या बाबाले चालत नाही का?"

"नाही. कोणासाठीच खोटं बोलू नये म्हणतो तो."

सुशीलाबाईंनी जरा विचार केला. "त्याले सून होती का?"

"नव्हती."

"तरीच," म्हणून त्या पोळ्या लाटायला गेल्या.