गोटूच्या डोक्यातला लूम

बुऱ्हाणपुरात करंट माझ्या परवानगीशिवाय इकडचा तिकडे होत नाही! राजपुऱ्यात छत्तीस वर्षं लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, मोटरी बांधतोय. जळालेल्या मोटरचा नुसता वास घेऊन सांगतो, कुठल्या कॉइलचा जीव गेला. त्यामुळे माझी लेक सायली मशीन घेऊन घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, काम करंटचंच आहे, पण तुम्ही हात लावायचा नाही," तेव्हा मला हसूच आलं.

सायली जनावरांची डॉक्टर. तिच्या कॉलेजात अभ्यास चाललाय. फिट येणाऱ्या कुत्र्यांच्या डोक्याला अगदी हलका करंट द्यायचा आणि त्यानं मेंदूत काय फरक पडतो ते आधी आणि नंतर मोजायचं. आठच कुत्री घेणार. सात ठरली होती. आठवं नाव तिनं सुचवलं आमच्या शेजारच्या धुरपदाबाईच्या गोटूचं. त्याला औषध लागू पडेनासं झालेलं. आठवड्यात तीन-तीन फिट! त्या दिवशी पाच वाजेपर्यंत चांगलं रीडिंग आणि व्हिडिओ कॉलेजातल्या सरांना पाठवला तरच गोटूची जागा पक्की.

"पोरी, दुखनार नाही ना त्याले?" धुरपदाबाईनं विचारलं.

"नाही आजी. आधी माझ्या हाताला लावून दाखवते."

"मंग लाव बाई. याले काही झालं त मी सकाळी भाकर कोनासाठी थापू?"

गोटूच्या डोक्याला वायरच्या पाच टिकल्या चिकटल्या. बाशिंग बांधलेल्या नवरदेवासारखा तो आमच्या पडवीत बसला. पण मशीनवर मेंदूच्या लाटा दिसायच्या तिथे नुसता काळाकुट्ट जाड पट्टा!

"गल्लीतल्या लूमचा करंट पकडतंय," सायली म्हणाली. "मेंदू दिसतच नाही."

"एवढंच?" मी अंगणात लोखंडी सळई ठोकली, मिठाचं पाणी ओतलं, झकास अर्थिंग दिली. पट्टा दुप्पट जाड झाला!

"पप्पा! काय केलंत?"

"काही नाही. तू चहा पी."

आता लूम बंद करणं आलं. रोज दुपारी न सांगता जाणारी लाइट त्या दिवशी जावयासारखी ठाण मांडून बसलेली. मी गजाननच्या कारखान्यात गेलो.

"गजानन, तासभर लूम बंद ठेव. दिमाग की जांच चालू आहे."

"कुणाच्या दिमागाची, काका?"

"गोटूच्या!"

त्यानं बिचाऱ्यानं लगेच बंद केले. पण बातमी माझ्यापुढे धावली. पाचव्या कारखान्यात पोचेपर्यंत 'अरविंदकाकांना शॉक बसला, डोकं तपासताहेत' इथवर तिची प्रगती झाली होती!

"अरे, मी हा समोर उभा आहे ना!"

"हां काका, आप आराम से बैठो," म्हणत एकानं फोडलेला कांदा माझ्या नाकाला लावला आणि मग माझ्याच हातात कोंबला! लूम बंद झाले, पण सगळे विणकर मला धरून घरी पोचवायला आले.

गल्लीत चिडीचूप. मशीनवर रेघ स्वच्छ! आणि गोटू? कान टवकारून उठला, इकडे बघतो, तिकडे बघतो, थरथरतो, कुंईकुंई करतो. रेघ कढईतल्या लाह्यांसारखी उडायला लागली.

सायलीचे डोळे भरून आले. "हा घाबरलाय. असा मेंदू मोजून उपयोग नाही. यातच फिट आली तर? राहू दे पप्पा." ती टिकल्या काढायला वाकली. साडेतीन वाजले होते. मी कांद्याचा हात डोळ्याला लावला आणि मलाही रडायला कारण मिळालं.

"थांब वं माय," धुरपदाबाई म्हणाली. "हा जन्मला लूमखाली, सुताच्या कचऱ्यात. खटखट थांबली की त्याले वाटते, जगच बंद पडलं."

तिनं पाट उलटा घातला, लाटणं घेतलं. खटाक-खट, खटाक-खट. तिच्या नवऱ्यानं तीस वर्षं लूम चालवलेला. डबा घेऊन जाताना कोपऱ्यावरूनच त्यांचा लूम ती ओळखायची. गजाननला ताल लगेच कळला. त्यानं खिडकीची फळी धरली. मग एकानं उंबरा, एकानं खाट. आठ-दहा दांडगे विणकर, पण हात असे हळू की पाळणा हलवताहेत. बिनकरंटचा कारखाना सुरू!

गोटू तीनदा गोल फिरला आणि धुरपदाबाईच्या पायावर हनुवटी टेकून झोपला. मशीनवर संथ लाटा आल्या.

सायलीनं आधीचं रीडिंग घेतलं, मग हळूच करंटचं बटण दाबलं. "पप्पा, गोटूचा पंजा धरून बसा. वायरला हात नाही."

मी बसलो. खटाक-खट. तान्ही सायलीही याच आवाजावर माझ्या खांद्यावर झोपायची. किती जीव गुंतला होता माझा त्या इवल्या डोक्यात! आता तेच डोकं दुसऱ्याच्या जिवासाठी मशीनवर झुकलेलं. माझा ऊर भरून आला.

पुढचं, पाच वाजेपर्यंतचं, सगळं ऐकीव आहे.

पाचला रीडिंग आणि व्हिडिओ गेला. साडेपाचला सरांचा फोन आला. सायलीनं स्पीकर लावला. धुरपदाबाईनं माझं मनगट घट्ट धरलं.

"सायली, आधीचं आणि नंतरचं दोन्ही स्वच्छ आहे, फरक मोजता येतोय. गोटूला घेतलं."

धुरपदाबाई गोटूच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. सायलीही.

"पण एक सांग," सर म्हणाले, "व्हिडिओत कुत्र्याशेजारी आणखी एक जण तोंड उघडं टाकून घोरतोय. तो कोण?"

सायलीनं डोळे पुसत माझ्याकडे बघितलं.

"तो तुलनेसाठी होता, सर. त्याला करंट दिलाच नव्हता."