फाटकाला रंगाचा तिसरा हात

त्या रविवारी भाऊसाहेबांनी फक्त केस कापायचं ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं, असं ते आजही शपथेवर सांगतात. (डोक्यावर कापण्यासारखं फारसं काही नव्हतं, पण जे उरलंय त्याची निगा राखावी, या मताचे ते होते.) सलूनमध्ये गर्दी होती. बाकावर बसल्या बसल्या त्यांनी एक जुनं मासिक उचललं. त्याची पुढची पानं दाढीचा साबण पुसायला केव्हाच फाटून गेली होती, म्हणून ते थेट मधल्या लेखावर उघडलं. चांगले शेअर कसे हुडकावेत, असा तो लेख होता.

लेखक म्हणत होता, दोनच गोष्टी शोधा. पहिली, मूल्य. दहाची वस्तू सहाला पडून असते, कारण तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. दुसरी, घटना. कंपनी विकली जाणार असते, मालक बदलणार असतो आणि मग सगळं जग एकदम तिकडे बघायला लागतं. ही घटना घडण्याआधी ज्याला तिचा वास लागतो, तो जिंकला.

आता भाऊसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले आवक-जावक कारकून. जे घडून गेलं त्याच्या कागदांवर शिक्का मारायचा, यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. घडण्याआधी काही कळावं, ही कल्पनाच त्यांना नवी होती. ती त्यांच्या अशी काही मनात भरली की खुर्ची रिकामी झाली तरी ते उठेनात.

"साहेब, या ना," सलूनवाल्याने हाक मारली.

"थांब रे. आयुष्य बदलतंय."

घरी आल्यावर त्यांनी बायकोकडे विषय काढला. पैसे बायकोचे होते, म्हणजे खातं दोघांचं आणि कष्ट तिचे. वरच्या मजल्यावरच्या दोन भाड्याच्या खोल्या, पूर्वेच्या खिडकीशी तिचं शिलाई मशीन, आणि त्या खिडकीतल्या उजेडात वर्षानुवर्षं लोकांचे कपडे उसवून, शिवून तिने पुंजी जमवली होती. कशासाठी, तर हेच घर विकत घ्यायचं. खाली एकट्या राहणाऱ्या मालकीण काकूंनी तसा शब्दच दिला होता, "विकायचं झालं तर आधी तुम्हाला विचारीन." बायको त्या शब्दावर जगत होती म्हटलं तरी चालेल.

"थोडे दिवस फक्त," भाऊसाहेब म्हणाले. "पैसे नुसते झोपलेत गं खात्यात."

"झोपू देत. ते काय तुमच्यासारखे घोरत नाहीत."

"अगं, दुप्पट होतील!"

"आणि अर्धे झाले तर?"

"मी काय डोळे मिटून घेणार आहे का? नजर ठेवणार. अभ्यास करणार."

बायकोने दाताने दोरा तोडला. "घ्या. पण घराचं काही निघालं तर त्याच दिवशी काढायचे. आणि काकूंकडे कान ठेवायचा. हे कबूल?"

"कबूल!" भाऊसाहेब म्हणाले. (कबूल करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.)

मग सुरू झाली शोधाशोध. ऑफिसला जाताना बस एका कारखान्यावरून जायची. रंगाचे ब्रश बनवणारी जुनी कंपनी. तिचा शेअर इतका स्वस्त की चहाबरोबर घ्यावा. मूल्य तर सापडलं! पण घटना? एके दिवशी बसच्या खिडकीतून भाऊसाहेबांना दिसलं की कारखान्याचं फाटक रंगवतायत. हिरवंगार. त्यांच्या डोक्यात लखकन वीज चमकली. माणूस घर विकायला काढतो तेव्हा आधी काय करतो? रंग देतो! गिऱ्हाईक येण्याआधी दर्शनी बाजू उजळतो. म्हणजे कारखाना विकायचा घाट आहे. म्हणजे कुणीतरी बडी कंपनी येतेय बघायला.

त्यांनी पैसे लावले. पुढच्या आठवड्यात बघतात तर फाटक निळं! "गिऱ्हाईक चोखंदळ दिसतंय," ते पुटपुटले, आणि आणखी शेअर घेतले. त्यानंतर रंगाचा तिसरा हात चढला, करडा. आता मात्र शंकाच नको. ज्याच्यासाठी तीन-तीनदा फाटक रंगवतात, ते गिऱ्हाईक साधंसुधं नसणार. भाऊसाहेबांनी खात्यात उरलेलं सगळं झाडून पुसून त्यात घातलं.

एवढं मोठं ज्ञान पोटात मावेना. कुणाला सांगावं? ऑफिसात सांगितलं तर भाव वाढेल. (हा त्यांचा समज.) म्हणून ते सलूनमध्ये जाऊन सांगत. सलूनवाल्यालाही ऐकायची गरज होती. भावाबरोबर वाटणी होऊन त्याच्या हातात बरीच रक्कम आली होती आणि ती कुठे घालावी या काळजीने तो गिऱ्हाइकांचे कल्ले खालीवर कापायला लागला होता.

"साहेब, मला पण काहीतरी सांगा ना. मला त्या शेअरमधलं कळत नाही."

"शेअरच पाहिजे असं कुठाय? तत्त्व ध्यानात ठेव. जिच्याकडे कुणी बघत नाही अशी वस्तू शोध. आणि रंग! जिथे विनाकारण रंग दिसला, तिथे समज, मालक विकायला निघालाय. तडक आत जायचं आणि विचारायचं. लाजायचं नाही."

"विनाकारण रंग," सलूनवाल्याने मान डोलावली. त्याचं दुकान भाऊसाहेबांच्या घराच्या अगदी समोर होतं, हे इथे सांगून ठेवलेलं बरं.

त्याच सुमारास बायकोला बहिणीच्या बाळंतपणाला जावं लागलं. निघताना दारात उभी राहून ती म्हणाली, "काकूंनी पुढची भिंत खरवडायला घेतलीय, पाहिलंत का?"

"हं."

"जरा विचारा हो त्यांना, काय चाललंय ते."

"विचारतो. तू जा निर्धास्त."

निर्धास्त! अहो, माणूस कारखान्याचं फाटक बघायला एक स्टॉप आधी उतरून चालत जात होता, आणि राहत्या घराच्या भिंतीला लिंपण झालं, पांढरा रंग झाला, फाटकाला तेलरंग झाला, तरी त्याला पत्ता नव्हता. एकदा तर ओल्या फाटकाला हात लागून त्यांचा तळवा तपकिरी झाला. तो त्यांनी ऑफिसात जाऊन रॉकेलने धुतला आणि पुन्हा मोबाइलवर भाव बघायला बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

एका सकाळी काकूंनी त्यांना जिन्यात गाठलं. भाऊसाहेबांच्या हातात मोबाइल. शेअरचा भाव गडगडत होता, आणि त्याला धीर द्यायला ते त्याच्याकडे एकटक बघत होते.

"भाऊसाहेब, मी आता मुलीकडे जाऊन राहायचं ठरवलंय."

"छान, छान."

"मग एवढं सगळं ठेवून काय करू? मी शब्द दिला होता, म्हणून आधी तुम्हाला विचारते. तुम्हाला हवंय का?"

आता झालं होतं असं, की गेल्या महिन्यापासून काकू घरातल्या जुन्या वस्तू ज्याला त्याला देत सुटल्या होत्या. जिन्याखाली त्यांचं एक लाकडी कपाट होतं, वाळवीने अर्धं खाल्लेलं. भाऊसाहेबांना वाटलं, त्याबद्दलच बोलतायत.

"नको हो काकू. आम्हाला काय करायचंय? आहे त्यालाच जागा नाही."

काकू चकित झाल्या. "अहो, पण तुमच्या बायकोचा तर किती जीव होता!"

"तिचा कशावर जीव नसतो? देऊन टाका ज्याला हवंय त्याला."

"समोरच एकजण विचारून गेलाय. देऊ का मग?"

"द्या, द्या."

"बायकोला एकदा विचारा तरी."

"त्यात काय विचारायचं, काकू? बिनधास्त द्या."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, सुस्कारा सोडला आणि खाली गेल्या. त्या दिवशी बायकोचा फोन आला. काकू काय म्हणतात, तिने विचारलं. "ते जिन्याखालचं कपाट देतायत कुणालातरी," भाऊसाहेबांनी सांगितलं. "बरं झालं," बायको म्हणाली. "वाळवी लागलीय त्याला."

इकडे शेअर काही वर येईना. भाऊसाहेबांनी मनाशी पक्कं केलं, आता प्रत्यक्ष जाऊन छडा लावायचा. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून ते कारखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. फाटकाला पिवळा रंग लागत होता.

"काय हो," त्यांनी वॉचमनला हळूच विचारलं, "कोण येणार आहे?"

"कुठे कोण येणार?"

"मग हा रंग?"

वॉचमनने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "साहेब, ब्रशचा कारखाना आहे. नवा माल बनला की तपासायला काहीतरी रंगवावं लागणार ना? फाटक रंगवतात. मी लागलो तेव्हापासून रंगवतायत. रंग इतके चढलेत की फाटक नीट बंदच होत नाही."

भाऊसाहेबांनी फाटक ढकलून पाहिलं, खरंच बंद होईना. पण माणूस जिद्दीचा. परतीच्या वाटेवर त्यांनी स्वतःला समजावलं, घटना नाही तर नाही, मूल्य तर आहे! बायको परवा येईल तेव्हा तिला हेच सांगायचं. तिचा आवाज चढू द्यायचा नाही.

बायको परवा येणार होती ती आजच आली होती. हातात पिशवी तशीच, घराच्या फाटकाशी उभी होती. आणि फाटकाला टेप लावून सलूनवाला माप घेत होता.

"या साहेब!" त्याने धावत येऊन भाऊसाहेबांचे दोन्ही हात धरले. "तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही सांगितलंत तस्संच केलं. रंग दिसला, तडक आत गेलो, विचारलं. काकू म्हणाल्या, आधी भाऊसाहेबांना विचारते. मी म्हटलं, गेलं आता हातातून! तर तुम्ही किती मोठ्या मनाने 'द्या, द्या' म्हणालात!"

"काय दिलं?" भाऊसाहेबांनी विचारलं. "कपाट?"

"घर!"

भाऊसाहेबांनी घराकडे पाहिलं. पांढरीशुभ्र भिंत. तपकिरी फाटक. खिडक्यांना नवे गज. आयुष्यात पहिल्यांदाच ते हे घर नीट बघत होते.

"केवढ्याला?" बायकोने विचारलं. सलूनवाल्याने आकडा सांगितला. काकूंना निघायची घाई होती, त्यामुळे आकडा अगदी कमी होता. बायकोने नुसती मान हलवली. तेवढे तर तिने जमवले होते.

वर गेल्यावर ती मशीनपाशी बसली आणि रडली. ओरडली असती तर भाऊसाहेबांना सोसलं असतं, त्याची त्यांना सवय होती. हे सोसेना. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते आयुष्यात पहिल्यांदा मोबाइल बंद करून बसले.

"चुकलो गं," ते म्हणाले.

"माझी खिडकी दिलीत तुम्ही," ती म्हणाली. "कपाट समजून." मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि मशीनचं चाक फिरवलं. "उद्या ते शेअर विका. जे येईल ते माझ्या हातात. मी परत जमवीन. घर कुठे पळून जात नाही, आणि सलूनवाला काही अमर नाही."

"अगं!"

"म्हणजे, त्यालाही कधीतरी विकावंसं वाटेल."

शेअर विकले. जे आलं ते सांगण्यासारखं नव्हतं. वरच्या खोल्या तेवढ्या राहिल्या, भाडं मात्र आता सलूनवाल्याला जाऊ लागलं. भाऊसाहेब ऑफिस सुटल्यावर तिच्यासाठी काजं-बटणं करू लागले, सुई बोटात टोचून घेत, पण नेटाने. आणि रोज येताजाता ते घराच्या फाटकावर नजर ठेवू लागले. एकदा चूक झाली, पुन्हा नाही!

आणि बरेच महिने गेल्यावर एका सकाळी ते दूध घेऊन येत होते. बघतात तर सलूनवाला स्वतः फाटक रंगवतोय! दुधाची पिशवी छातीशी धरून ते दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

"ऊठ! पासबुक काढ! विकतोय तो!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रंग! विनाकारण रंग! कारण विचारू नकोस, लाजू नकोस, चल!"

बायको हातातला कपडा तसाच टाकून धावली. दोघं धापा टाकत फाटकाशी आले. भाऊसाहेबांनी छाती पुढे काढली. "किती घेणार, बोल. आधी आमचा हक्क."

सलूनवाला हातात ब्रश घेऊन बघतच राहिला. "कशाचे?"

"घराचे! रंग कशाला देतोयस मग?"

"अहो, तुमच्या त्या कारखान्याच्या फाटकाशी ब्रश मातीमोल भावाने विकायला काढलेत. मला तुमचं आठवलं, जिच्याकडे कुणी बघत नाही अशी वस्तू! डझनभर उचलले. आता आणलेत तर वापरायला नकोत? पण माल काय आहे साहेब! एक केस गळत नाही." असं म्हणून त्याने धंद्याच्या सवयीने भाऊसाहेबांच्या डोक्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

भाऊसाहेब खाली बघू लागले. सलूनवाल्याने ब्रश डब्यात ठेवला.

"विकायचं झालं तर वहिनींनाच आधी सांगेन, शब्द देतो. फक्त वहिनींना. तुम्हाला जिन्यात गाठून विचारायचं नाही, एवढं काकूंनी जाताना बजावलंय."

बायको खुदकन हसली. घर गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती, आणि भाऊसाहेबांना एवढं बरं वाटलं की त्यांनी बाही सरसावून दुसरा ब्रश उचलला आणि फाटकाच्या दुसऱ्या बाजूने रंग द्यायला सुरुवात केली. चार फटकारे मारून ते थांबले. ब्रश उजेडात धरून त्याचे केस निरखले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा ती जुनी चमक आली.

"माल खरंच उत्तम आहे गं," ते हळूच म्हणाले. "आणि शेअर तर आता आणखी स्वस्त झाला असेल."

बायकोने त्यांच्या खिशातला मोबाइल काढून घेतला.