जागेवरची अक्कलदाढ

गेल्या दिवाळीत ऐन नाटकाच्या दिवशी अक्कलदाढेने खलनायक करणाऱ्या प्रफुल्लचं तोंड सुजून पपईएवढं झालं, म्हणून यंदा खलनायकाचं काम मनसारामकडे आलं. चामोर्शीच्या कचेरीतल्या या बाबूने ठरवलं, आपल्या अक्कलदाढा दुखायच्या आधीच काढून टाकायच्या. गल्लीभर सांगून, रजा टाकून तो दातांच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर संघप्रियाने एक्स-रे काढला, हिरडी दाबून पाहिली, ब्रश मागपर्यंत पोचतो का तेही पाहिलं. दाढ आडवी असती, अर्धी हिरडीखाली अडकून तिथं अन्न साचत असतं, तर पुढं किडीची आणि सुजेची भीती असती, असं तिने समजावलं.

"भाऊ, तुमच्या दाढा सरळ आहेत, स्वच्छ आहेत. उलट मुळं नसेजवळ आहेत. काढताना ओठ बधिर झाला तर? पुढं कधीच त्रास होणार नाही असं मी म्हणत नाही. वर्षाने दाखवा. आज काढायचं कारण नाही."

(बधिर ओठाने खलनायक हसणार कसा?) मनसारामला तिचे पाय धरावेसे वाटले, पण खुर्ची आडवी असल्यामुळे जमलं नाही.

घराच्या वळणावरूनच त्याला दिसलं, अंगणात अर्धी गल्ली जमली होती. बायकोने, गोकुळाने, त्याच्यासाठी मोठा गंज भरून पातळ पेज केली होती आणि पाहुण्यांसाठी बोडीच्या तळ्यातल्या मासोळीचा रस्सा. सासरे केळी घेऊन आले होते. आता यांना काय सांगायचं? तो मागे फिरला, दुकानातून कापूस घेतला, गालात कोंबला आणि मुका होऊन घरात शिरला.

दुसऱ्या दुपारी पेज घशाखाली उतरेना. गोकुळा बाहेर गेलेली पाहून त्याने उरलेल्या मासोळीला हात घातला, आणि घाईत काटा घशात अडकला. त्याचा ठसका ऐकून गोकुळा धावत आली, पाठीत धपाटे घातले. काटा निघाला, मागोमाग कापूसही.

"तोंड उघडा," ती म्हणाली. बॅटरी मारून तिने दाढा पाहिल्या. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. तिने अंगणाकडचं दार लोटलं आणि ताटात भात-मासोळी वाढली.

"कोणाले नाई सांगत मी. जेवा."

पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले. देवाने आपल्याला एवढी चांगली माणसं कशी दिली, असं त्याला वाटलं.

"डॉक्टरबाईनं वर्षानं बोलावलं न?" गोकुळाने विचारलं.

"हो. काऊन?"

"मी बी येतो. एखादी काढता येते का, इचारून पाहू. तुमी बोल्ले नाई, तं घरात किती बरं वाटून राह्यलं होतं."