कणग्यातले विष्णुपंत

"कणग्याच्या भिंतींना चार दिवस? मी एका दुपारी उभ्या करून दाखवतो!" विष्णुपंतांनी जाहीर केलं.

चिखलोलीच्या त्या नव्या सोसायटीत विष्णुपंतांचा शब्द खोडायची कोणाची छाती नव्हती. तीस वर्षं अंबरनाथच्या कारखान्यात तपासणी अधिकारी! रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी घरच्या पोळ्यांवर पट्टी धरायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी पत्नी सुनेत्राबाईंनी त्यांना सोसायटीच्या हॉलमधल्या बांबूकामाच्या वर्गात नेऊन बसवलं. आणि काय सांगावं, माणूस सुधारला! शनिवारी घरी येताना चक्क गुणगुणायला लागला.

वर्ग घ्यायची बारवी धरणापलीकडच्या पाड्यावरची भिकी. पण आता हॉल झुंबा क्लासला द्यायचं घाटत होतं. सेक्रेटरी हरेशभाई आज पाचला प्रदर्शन बघून ठरवणार होते. वर्ग बंद झाला तर भिकी पुन्हा वीटभट्टीवर आणि विष्णुपंत पुन्हा पोळ्यांवर!

भात साठवायच्या मोठ्या कणग्याचा तळ भिकीनंच विणून ठेवला होता. "बाबा, भायेरून फिरत फिरत इनायचा बरं," तिनं बजावलं आणि टोपल्या आणायला पाड्यावर गेली. बाकीचे जेवायला गेले.

फिरत फिरत? कारखान्यात असली फिराफिर विष्णुपंतांनी कधीच बंद केली होती! त्यांनी तळावर मधोमध प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, त्यावर बैठक मारली आणि बसल्या बसल्या चहूबाजूंनी विणत सुटले. काम झपाझप वर चढलं.

साडेचारला सुनेत्राबाई चहा घेऊन आल्या. हॉल रिकामा!

"अहो, कुठे आहात?"

"इथे. कणग्यात."

सुनेत्राबाईंनी टाचा उंचावून आत डोकावलं. "अगं बाई! आत कशाला गेलात?"

"मी कुठे गेलो? मी इथेच होतो, कणगा नंतर आला!"

स्टुलावर चढून बाहेर यावं, तर गुडघे संपावर.

"कात्री आणू का?"

"खबरदार! आज भिकीच्या वर्गाचा निकाल आहे. हाच कापला तर ती दाखवणार काय?"

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सुनेत्राबाईंनी घाईघाईनं टेबलावरची चादर ओढून कणग्यावर टाकली. भिकीच्या मागून हरेशभाई आत आले.

"अरे वा, एकदम सॉलिड है!" म्हणत त्यांनी कणग्यावर दोन थापा मारल्या. बांबूचा भुसा उडाला आणि आतून आवाज आला, "आऽऽक्छी!"

हरेशभाई तीन फूट मागे! चादर डोक्यावर घेऊन विष्णुपंत सावकाश वर उगवले.

"काका! हे काय? असं कोणी अडकलं तर सोसायटीवर येणार. भिकीताई, हा क्लास सेफ नाही."

भिकीचा चेहरा उतरला. विष्णुपंतांनी डोक्यावरची चादर ओढून काढली.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तिनं बाहेरून विणायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

सुनेत्राबाई खुर्चीत बसल्या. लग्नानंतर हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या!

भिकीनं मात्र पदर खोचला. "सायेब, तिकडून धरा." दोघांनी कणगा अलगद आडवा केला. विष्णुपंत रांगत बाहेर आले, मागोमाग स्टूल. हरेशभाईंनी कणगा आतबाहेर चाचपला.

"इतके मोठे काका आत लोळले, पण एक पट्टी हलली नाही? भिकीताई, माझ्या उल्हासनगरच्या दुकानात असाच एक पाहिजे. झुंबा गच्चीवर जाऊ दे. हॉल तुमचाच!"

विष्णुपंतांनी बसल्या जागीच भिकीला हात जोडले. डोळे भरून आले होते. "भिकीताई, हे शनिवार नसते तर घरी बसून मी स्वतःलाच नापास करून टाकलं असतं. फार उपकार आहेत तुमचे."

"आसू द्या, बाबा," भिकी लाजून हसली. "म्होरल्या शनवारी सूप इनू."

"सूपच का?"

"त्ये एका बाजूनी उघडंच असतं."