संत अंतोनिओची रताळी

तोनाला या आमच्या गावात कुणालाही विचारा, इलारियोच्या हातची चिमेनेआ कधी तडकली का? नाही म्हणतील! ज्यांचं माझ्याशी भांडण आहे तेसुद्धा नाहीच म्हणतील, फक्त तोंड वाकडं करून म्हणतील. अंगणात ठेवायची मातीची शेगडी. खाली मोठं गोल पोट, पोटाला एक तोंड आणि वर धूर जायला उंच मान. दिसायला सोपी. करून बघा! पोटाची भिंत एकीकडे जाड नि एकीकडे पातळ झाली, की पहिल्याच थंडीत दोन तुकडे. आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी ही घराच्या आत असायची, छपराला पाडलेल्या भोकाखाली. तिच्यातच पाव भाजायचा, तिच्याच उबेला सगळ्यांनी झोपायचं. मग घरांना खिडक्या आल्या आणि ही बाहेर अंगणात आली. आता तर परदेशातले लोक बागेत शोभेला ठेवतात. ठेवोत बापडे, आमचं पोट चालतं!

आजोबांनी घडवलेली शेवटची चिमेनेआ आमच्या पडवीत होती. पोटावर सूर्य, मानेवर मक्याची कणसं. ती आम्ही पेटवत नसू, नुसती पुसायचो. माझ्या हातून आजवर एकही चिमेनेआ फुटली नव्हती आणि आजोबांची तर फुटणं शक्यच नव्हतं. अशा माणसाच्या घरी लोहार व्याही म्हणून येतो, याला काय म्हणायचं?

माझ्या लेकीने, निकोने, म्हणजे निकोलासाने, मुलगा पसंत केला तो लेआंद्रो. मुलगा सोन्यासारखा. पण बाप फेर्मिन लोखंडाच्या शेगड्या करतो! त्याहून मोठी अडचण म्हणजे लेआंद्रोची आजी, एर्मेलिंदा. तिच्या देवघरातला लाकडी संत अंतोनिओ नोव्हेंबरात, मृतांच्या सणाच्या गडबडीत नाहीसा झाला. हातभर उंचीचा, तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेला. म्हातारीने जाहीर केलं, "तो घरी परत येईपर्यंत आमच्या घरात लग्न होणार नाही." झालं! रीतसर मागणी घालायला ती मंडळी येणार, पण तारीख मात्र ठरणार नाही. निकोने उशा रडून भिजवल्या. मी तिला म्हणालो, "तू बघत राहा. चांगलं जेवण, चांगली ऊब. आजी विरघळली नाही तर माझं नाव बदल."

डिसेंबरातली संध्याकाळ. मंडळी आली. मोठ्या टोपलीत गोड पाव, चॉकलेट, फळं, सगळं रीतीप्रमाणे. आजीला मी पडवीतली उत्तम खुर्ची दिली, गुडघ्यांवर शाल घातली. पेटवायला एक नवी लहान चिमेनेआ तयार ठेवली होती. तेवढ्यात फेर्मिनने तिच्या पोटावर टिचकी मारली.

"छान आहे हो, इलारियो. पण माती ती मातीच. जाळ जरा जोराचा झाला की संपली."

"जोराचा जाळ?" मी म्हणालो. माझे कान तापले. "ही राहू दे. माझ्या आजोबांची पेटवतो. घाला लाकडं, किती घालायची ती!"

"बाबा, ती नको," निको म्हणाली. पण मी कुणाचं ऐकतोय!

आजोबांच्या चिमेनेआत वाळू होतीच. पोटात वाळू भरलेली असावीच लागते, नाहीतर निखारे थेट मातीवर बसतात आणि तळ जातो. मी वर ओकाची लाकडं रचली आणि काडी लावली. मानेतून धूर असा सरळ वर गेला की माझी छाती फुगली!

एवढ्यात माझी धाकटी बहीण तोमासा मक्याच्या पानांत उकडलेल्या तमालांचं ताट घेऊन बाहेर आली. निकोची आई गेली तेव्हा पोर पाळण्यात होती, तिला वाढवलं ते तोमासानेच. तिने जाळ बघितला आणि ताट असं कललं की दोन तमाल कुत्र्याच्या नशिबी गेले.

"दादा! ही कशाला पेटवलीस?"

"मग काय कागदाची पेटवू?"

"विझव."

"काय?"

"म्हणजे... आजींना उकडत असेल."

"मला? मला थंडी वाजतेय," आजी म्हणाली. "अजून एक लाकूड घाला."

मी घातलं. तोमासाने माझ्याकडे बघून डोळे वटारले. मला वाटलं, हिलाही माती फुटायची भीती! माझ्याच रक्ताची बहीण! मी चिडून आणखी एक घातलं. तिने मान हलवली, मी तिसरं घातलं. ती रडवेली होत चालली आणि मी लाकडं घालत चाललो. शेवटी तिने स्वयंपाकघरात जाऊन एक वाडगा मुद्दाम फोडला आणि ओरडली, "दादा, जरा आत ये!"

आत गेलो. ती भिंतीला टेकून उभी.

"दादा, त्या पोटात संत अंतोनिओ आहे."

"असेल. देव सगळीकडे असतो."

"अरे, वाळूत आहे! डोकं खाली, पाय वर. मीच पुरलाय!"

आमच्याकडे लग्न जमत नसलं की बायका संत अंतोनिओला उलटा करतात. नवरा आणून दे, मग सरळ करते, अशी सरळसरळ धमकीच! चोरून आणलेला संत लवकर पावतो, असंही काहीजणी म्हणतात. हे मला माहीत होतं. पण माझ्या घरात?

"कुणाचा संत?" मी विचारलं. विचारतानाच मला कळलं होतं.

तिने दाराकडे, आजीच्या पाठीकडे बघितलं. "सणाला त्यांचं देवघर सजवायला गेले होते ना, तेव्हा शालीखालून आणला. लगेच परत ठेवणार होते, पण म्हातारी त्या खोलीतून हलतच नाही. आणि ही चिमेनेआ आपण कधी पेटवत नाही, म्हणून..."

"निकोला मुलगा मिळालाच होता ना गं? मग कशाला?"

"निकोसाठी नाही," ती म्हणाली आणि शालीच्या टोकाने नाक पुसलं. "निको जाणार. मग या घरात मी आणि तुझी माती. माझ्यासाठी आणला, दादा."

इतकी वर्षं माझं घर सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचंही काही हवं असेल, हे माझ्या टाळक्यात कधी आलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ कुठे होता? बाहेर संत भाजत होता! तो जळाला की लग्न गेलं, आणि लग्नाबरोबर माझी पोर कोमेजणार.

मी हसत हसत बाहेर आलो. जबडा दुखेल इतका हसत.

"चला, जाळ पुरे झाला! जेवून घेऊ."

"का हो?" फेर्मिन म्हणाला. "घाबरलात?"

"छे! मी कशाला घाबरू?"

"मग घालतो मी एक." आणि त्याने घातलं! मांडीएवढं लाकूड!

पाण्याने विझवायची सोय नाही. तापलेल्या मातीवर पाणी पडलं की चिमेनेआ गेलीच. हे आमच्याकडे पोरं चालायच्या आधी शिकतात. मी मानेवर परात झाकली, म्हटलं हवा बंद झाली की जाळ मरेल. जाळ मेला नाही. सगळा धूर पुढच्या तोंडातून निघाला आणि थेट आजीच्या तोंडात गेला. म्हातारी खोकून खोकून जांभळी! लेआंद्रो तिची पाठ चोळतोय, निको वारा घालतेय.

"बाबा, आज झालंय काय तुम्हाला?" निको रडकुंडीला आली.

"धुराने डास जातात गं," मी म्हणालो. डिसेंबरात! परात काढली.

मग मी बादलीतली वाळू ओंजळीने जाळावर टाकायला लागलो. विझवायची खरी रीत तीच. पण फेर्मिनने माझं मनगट धरलं. लोहाराची पकड ती! "इलारियो, आता मात्र कबूल करा, तुमच्या मातीला जाळ सोसत नाही. बघू तरी आत काय चाललंय." त्याने लोखंडी सळई आत खुपसली आणि पोट ढवळलं. निखारे बाजूला झाले, वाळू बाजूला झाली.

ठक्!

"आत काहीतरी आहे," फेर्मिन म्हणाला.

मी वाकून बघितलं. निखाऱ्यांच्या मधोमध वाळूतून दोन तळवे वर आले होते. तपकिरी, गुळगुळीत, बोटांसकट. संताच्या पायांखालची बैठक वाळवीने कधीच खाल्ली होती. माझ्या मागे तोमासाचा श्वास मला ऐकू आला.

आजीला लांबचं धूसर दिसतं. ती पुढे झुकली. "काय आहे ते?"

"रताळी!" मी ओरडलो. दुसरं काही सुचलंच नाही. "रताळी भाजायला घातलीयत, आजी. तुमच्यासाठी."

"अगंबाई!" आजीचा चेहरा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच उजळला. "मला फार आवडतात. द्या एक."

"कच्ची आहेत अजून!"

"मला जरा कच्चीच आवडतात. फेर्मिन, काढ रे."

फेर्मिनने चिमटा उचलला. घरून आणला होता मेल्याने, लोखंडाचा नमुना दाखवायला! तो चिमटा चिमेनेआच्या तोंडाजवळ गेला. एका तळव्याच्या कडेला लहानशी निळी ज्योत लागली. जुन्या लाकडाचा आणि रंगाचा वास आला. निको माझ्याकडे बघत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं, फक्त आजचा दिवस हातातून जातोय एवढं तिला कळत होतं.

एका बाजूला आजोबांची माती, दुसऱ्या बाजूला पोर. टेबलावर अंबाडीच्या फुलांच्या लालभडक सरबताचा मोठा हंडा होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि अख्खा त्या पोटात ओतला.

धाडकन आवाज झाला. वाफ अशी उठली की क्षणभर कुणी कुणाला दिसेना. सूर्यापासून मानेपर्यंत भेग गेली, मग पोट हळूच उघडलं, आणि लाल चिखल, निखारे, वाळू सगळं फरशीवर आलं. त्यात घरंगळत घरंगळत संत अंतोनिओ आजीच्या पायाशी येऊन थांबला.

"फुटली!" फेर्मिन नाचायला लागला. "बघितलंत? मी म्हटलं नव्हतं? फुटली!"

"फेर्मिन, गप्प बस," आजी म्हणाली.

तिने वाकून मूर्ती उचलली. शालीने तोंड पुसलं, चेहरा स्वच्छ निघाला. मग तिने पाय बघितले. काळे. वाळू कुठवर चिकटलीय ते बघितलं. म्हातारीला लांबचं दिसत नसलं तरी जवळचं चांगलं दिसत होतं.

"हा उलटा पुरलेला होता," ती म्हणाली. "कोणी?"

निको पांढरीफटक. आता बघा पेच! संशय निकोवर गेला, तर सासरी जन्मभर ऐकेल की नातवाला जादूटोण्याने अडकवलं. खरं सांगावं, तर तोमासा उद्यापासून गावात तोंड दाखवणार नाही. ती पुढे यायला निघालीच होती. मी तिला कोपराने मागे ढकललं.

"मी," मी म्हणालो. "मीच आणला, मीच पुरला."

आजीने माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. माझ्या मिशांशी जरा थांबली.

"तुम्ही? तुम्हाला नवरा हवा होता?"

काय सांगू? फेर्मिनचा नाच थांबला. लेआंद्रोने खाली मान घातली, त्याचे खांदे हलत होते. मी एकदा फुटलेल्या चिमेनेआकडे बघितलं, एकदा निकोकडे.

"हो," म्हणालो.

आजीचं पोट हलायला लागलं. मग ती अशी हसली की खुर्ची करकरली, डोळ्यांतून पाणी आलं. हसता हसता तिने माझ्या खांद्यावरून मागे तोमासाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि संत अंतोनिओला मांडीवर सरळ बसवलं. "पाय भाजलेत हे बरं झालं," ती म्हणाली. "आता कुठे जाणार नाही. घ्या, तारीख धरा."

फेब्रुवारीत लग्न झालं. निको मोरासारखी नाचली. माझं म्हणाल तर गावभर हसं झालं होतं. बाजारात बायका विचारायच्या, "काय इलारियो, मिळाला का कुणी?" पोरं शिट्ट्या मारायची. मी ऐकून घ्यायचो. आणि लग्नाच्या पंगतीत एर्मेलिंदा आजीने, एवढ्या लोकांसमोर, एका टकल्या, भिडस्त विधुराला हाताला धरून माझ्या शेजारी आणून बसवलं. "हे पोन्सियानो. न्हावी आहेत, निर्व्यसनी आहेत. इलारियो, हे तुमचं स्थळ!" मांडव कोसळायचा बाकी राहिला. तोमासाने मात्र हसता हसता त्याच्या ताटात मोले, आमचा लग्नातला तिखट रस्सा, वाढलं. दोनदा वाढलं.

आता तो दर रविवारी येतो. येताना फुलं आणतो. ती तोमासासाठी असतात हे मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, ती आत केस विंचरत बसलेली असते. पण माणूस इतका लाजरा, की दार उघडलं की फुलं माझ्याच हातात कोंबतो आणि घाम पुसत खाली बघतो. मी दारात गुच्छ धरून उभा, आणि समोर सगळी गल्ली खुर्च्या टाकून बसलेली!