सहज आलो होतो

क्लॅरी गाव सोडून क्वीन्सलंडला मुलीकडे जायचं म्हणतोय, हे मर्व डॉब्सनने न्हाव्याच्या खुर्चीत ऐकलं आणि तिथेच ठरवलं, आज त्याच्याकडे ड्रॉप इन करायचं.

शब्दकोशात हे ड्रॉप इन करणं फार सोपं आहे: सहज डोकावणे. पण वॉरांगी गावात सहज डोकावायलाही कायदेकानू आहेत. आधी फोन करायचा नाही (केलात तर पलीकडचा घाबरून विचारतो, "कोण गेलं?"). मागच्या दाराने जायचं. आणि मनात काही असलंच, तर ते बोलायचं नाही. बोललात की ते ड्रॉप इन राहत नाही, भानगड होते. मर्वला तर चाळीस वर्षं शेजारी राहिलेल्या क्लॅरीला "जाऊ नकोस रे" एवढंच सांगायचं होतं.

"मग जाऊन सांग की," त्याची बायको नोलीन म्हणाली.

"असं कसं? काहीतरी निमित्त नको?"

निमित्त शेडमध्ये भिंतीला टेकून उभं होतं. क्लॅरीची शिडी, केव्हातरी मागून आणलेली.

"सहज आलो होतो," मर्व म्हणाला. "ही तुझी शिडी."

क्लॅरीने शिडीकडे पाहिलं, मग मर्वकडे. "एवढी घाई नव्हती."

"म्हटलं, देऊन टाकावी."

चहा झाला. पाऊस हुलकावणी देतोय, यावर दोघांचं एकमत झालं. मर्व घसा खाकरून "बरं का क्लॅरी..." इथपर्यंत आला आणि पुढे म्हणाला, "...निघतो."

दुसऱ्या दिवशी ढकलगाडी नेली. मग करवत, मग पाण्याचा पाइप. (शेडमध्ये क्लॅरीचं इतकं सामान निघालं, की आपलं स्वतःचं काय आहे, असा मर्वला प्रश्न पडला.) महिनाभर हे चाललं. करवतीच्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं आली नाहीत. गवत कापायच्या यंत्राच्या दिवशी चहाही आला नाही. क्लॅरी नुसता म्हणाला, "ठेव तिथे." जाण्याच्या विचाराने बिचारा खचला असेल, असं मर्वला वाटलं.

अखेर एका सकाळी क्लॅरीच्या दारात ट्रक उभा राहिला, तेव्हा नोलीनला सगळा प्रकार समजला.

"सगळं परत केलंस? अरे, आपल्याकडे मागून आणलेलं कोण परत करतं? माणूस मेला तर, नाहीतर भांडण झालं तर."

मर्व चपला शोधत न बसता तसाच धावला.

"क्लॅरी, मी रोज सांगायला येत होतो. जाऊ नकोस."

क्लॅरीने चष्मा काढून बराच वेळ पुसला.

"मी जाणारच नव्हतो रे. पोरीला नाही म्हणून कळवणार होतो. तेवढ्यात तू शिडी आणलीस. मग ढकलगाडी. म्हटलं, मर्वच संबंध तोडतोय, तर राहायचं कोणासाठी?"

"मग आता?"

"घर भाड्याने दिलंय. दुपारी येतायत ते लोक."

मर्वला फार वाईट वाटलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, पण तेवढीही सोय नव्हती, कारण निघताना सवयीने त्याने शेडमधून फावडं उचलून आणलं होतं.

"एकदा तरी रिकाम्या हाताने यायचं होतंस," क्लॅरी म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला. मग खिडकीतून वाकून त्याने फावडं नीट पाहिलं.

"आणि मर्व, ते तुझंच आहे."