नाडीसाठी काढलेली सुई

लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवायला हंबीररावांनी विणकामाची सुई घेतली, आणि ती निम्म्यापर्यंत आत गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की त्या सुईवर मघापर्यंत स्वेटर होता.

स्वेटर त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी, विणायला घेतलेला होता, आणि अंजनाबाई आषाढात गेल्या. मुलगा कृष्णात लडाखला पलटणीत. त्याच्यासाठी पाठ झाली, बाह्या झाल्या, पुढची बाजू छातीपर्यंत आली आणि हात थांबले. जोडीतली दुसरी सुई कुठं ठेवली होती, हे त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून ते विणकाम एका सुईवर, कपाटात, जसंच्या तसं होतं. घरात अंजनाबाईंच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं. लोणचंसुद्धा गेल्या महिन्यात संपलं होतं.

दुपारच्या एसटीनं मेव्हणी चंद्राबाई मेढ्याहून येणार होती, स्वेटर पुरा करायला. तिनं आधीच बजावून ठेवलं होतं, आक्काच्या कामाला कुणी हात लावायचा नाही. तिला विणकाम आक्कानंच शिकवलेलं, म्हणून तिचा एकटीचा हात त्यात खपेल. तिसऱ्या कुणाचा हात लागलेला दिसला, तर ती सगळं उसवून पहिल्यापासून विणणार. आणि चंद्राबाई बोलली की करायची.

हंबीररावांनी घाईनं सुई ओढली. ती प्लास्टिकची होती. अर्धी हातात आली, अर्धी नेफ्यातच राहिली. इकडे स्वेटरचे टाके तोंडं उघडी टाकून बसले होते. बघता बघता एक टाका खाली उतरला. मग त्याच्या शेजारचा.

त्यांनी श्वास रोखून ते सगळं लोकरीच्या गुंड्यासकट परातीत ठेवलं, वर धुतलेलं फडकं टाकलं, धोतर गुंडाळलं आणि परात दोन्ही हातांवर तोलत आष्ट्याच्या बाजारातल्या याकूबच्या दुकानाकडे निघाले. बांगड्या, बटणं, लोकर, सुया, सगळं याकूबकडे मिळायचं.

झाकलेली परात, जपून टाकलेली पावलं आणि खाली घातलेली मान बघून लोकांनी जे समजायचं ते समजलं. बायका बाजूला झाल्या. पारावरच्या नानासोनं चपला काढून हातात घेतल्या आणि तो पुढं चालू लागला.

"सरका रं, वाट सोडा. निवद हाय."

हंबीररावांना थांबून खुलासा करायची सोय नव्हती. थांबलं की परात हलत होती. मारुतीच्या देवळापाशी नानासो आत वळला, हंबीरराव सरळ गेले. नानासो धावत मागं आला. निवद घेऊन याकूबच्या दुकानात कशाला, असं त्यानं विचारलं.

"देवीचा हाय," हंबीरराव म्हणाले. "बांगड्या घ्यायच्या ऱ्हायल्यात."

नानासो चपला हातात धरून दुकानाबाहेर उभा राहिला.

याकूबनं सुयांचे सगळे जोड पुढं मांडले. जाड सुई टाक्यांत जाईना. बारीक सुई गेली, पण टाके तिच्यावर लोंबायला लागले. स्टीलची बरोबर मापाची मिळाली, तर ती हंबीररावांच्या हातातून निसटायची. निसटू नये म्हणून ते आवळून धरायचे, की टाके दुसऱ्या टोकानं सुटायचे. आणखी तीन टाके गेले. हंबीररावांच्या कपाळावरून घाम परातीत पडला.

आतल्या खोलीतून याकूबची आई रहिमतबी बाहेर आली. तिनं आधी स्वेटर बघितला नाही.

"हात बघू."

हंबीररावांनी लाकडासारखे झालेले दोन्ही पंजे पुढं केले.

"ह्या हाताला गुळगुळीत सुई चालायची न्हाई," असं म्हणून तिनं आपल्या पेटीतला बांबूच्या लांब सुयांचा जोड आणला. त्यांच्यावर लोकर धरून राहायची. तिनं पडलेले टाके एकेक करून वर उचलले, सुईवर बसवले. पण ते ओढून वेडेवाकडे झाले होते. वरून एक ओळ विणल्याशिवाय ते जाग्यावर बसणार नव्हते. तेवढी ओळ तुम्हीच घाला, अशी हंबीररावांनी गळ घातली. ती तयार होईना. तिचा हात घट्ट, चंद्राबाईला लांबूनच ओळखू येईल.

"तुमीच इना. इतकी वर्सं समोर बसून बघितलं न्हवं? हात हलका ठेवा."

हंबीररावांनी आयुष्यात बैल वेसणीला धरले होते, विहिरीत उतरून मोटर काढली होती. पण त्या ओळीला ते एकेक टाका मोठ्यानं मोजत बसले. याकूब दारातून एसटीकडे डोळा ठेवून होता. ओळ निम्मी झाली आणि हॉर्न वाजला. शेवटचा टाका सुईवर गेला तेव्हा बाहेर नानासो कुणाला तरी सांगत होता की तुमचं दाजी आत देवीच्या कामात गुंतल्यात.

चंद्राबाई दारात उभी राहिली. आधी दाजींकडे बघितलं, मग परातीकडे.

"बटणं जुळवायला आणलं हुतं," हंबीरराव म्हणाले.

तिनं विणकाम उचलून उजेडात धरलं. "आक्काच्या सुया निळ्या हुत्या. ह्या बांबूच्या कशा?"

याकूब लावलेल्याच बांगड्या परत लावायला लागला. चंद्राबाईचं बोट खालून एकेक ओळ चाचपत वर आलं आणि शेवटच्या ओळीवर थांबलं.

"ही ओळ ढिली हाय."

हंबीररावांनी डोळे मिटले. आता ती दोरा ओढणार, आणि सगळं सरसर उसवत जाणार. पण काही सरसरलं नाही. त्यांनी डोळे उघडले, तर चंद्राबाई खाली बसली होती आणि ती ओळ तिनं गालाला लावली होती.

"दुखण्यात इनलीया ही. हातात जोर ऱ्हायला नसंल तिच्या. म्हणून हलक्या सुया घेतल्या आसत्याल." तिनं पदर डोळ्यांना लावला. "ही ओळ मी उसवत न्हाई, दाजी. हिच्या वरनंच धरते."

हंबीररावांनी तोंड उघडलं. मागून रहिमतबीनं नको अशी मान हलवली. त्यांनी तोंड मिटलं. पण पहिल्याच प्रयत्नाच्या मानानं ती ओळ त्यांना बरी वाटली होती, आणि ते काही केल्या मनातून जाईना.

"लय ढिली हाय का?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"लय," चंद्राबाई नाक पुसत म्हणाली. "पर ऱ्हाऊ द्या."